जाळणाऱ्या हाताची पट्टी

ती घटना आठवली की अजून मिशी ताठ होते. मिशी पांढरी झाली, घटना काही जुनी झाली नाही.

शेलूबाजारकडच्या एका गावात एका निवृत्त नर्सबाईंची सोयाबीनची कापून रचलेली सुडी कुणीतरी पेटवली. वर्षाचं पीक राख. ज्वाळा अनसिंगहून दिसल्या, असं गावकरी सांगतात. मी जरा कमी करून वाशिम म्हणतो. गावात ख्रिस्ती घर हे एकच, पण निम्मं गाव या सिस्टरच्याच हातावर जन्मलेलं. संशय शेताच्या धुऱ्यावरून भांडणाऱ्या शेजाऱ्यावर, आणि तो फरार. मी तेव्हा तिथला ठाणेदार. फिर्याद नोंदवली, पंचनामा केला, तीन तालुके पिंजून काढले. विहिरीतल्या बेडकांचे जबाब तेवढे राहिले!

दुसऱ्या दिवशी दुपारी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, तो सिस्टरच्याच घरात घुसला! लोकं काठ्या घेऊन निंगाले!"

सुडी जाळून भागलं नाही, आता बाईचा जीव घेतो की काय! जीप अशी हाणली की टायर मागून धावत आले.

अंगण माणसांनी भरलेलं. दारात खाट आडवी टाकून सिस्टर बसलेल्या. समोर त्यांचाच भाचा, हातात कुऱ्हाड.

"मावशी, तो आत हाये का?"

"हाये. जेवून राह्यला."

नाही म्हणाल्या असत्या तर गर्दी पांगली असती. पण खोटं त्यांच्या तोंडून निघत नसे.

"सरक मावशी! तुही सुडी जाळली त्यानं!"

"माही जाळली ना? मंग तुले कायचा ताव? शत्रूवर प्रेम करा, हे दर रविवारी वाचतो आपण. करायची पाळी आली त कुऱ्हाड आणली? पयले मले तोड, मंग आत जाय."

कुऱ्हाड वर गेली. माझा हात पिस्तुलावर. अंगणातली कोंबडीसुद्धा ओरडेना. मग भाच्यानं ती कुऱ्हाड भुईत हाणली आणि तोंड फिरवलं. तेवढ्यात मी आरोपीला जीपमध्ये कोंबला.

ठाण्यात चौकशी सुरू झाली. त्याच्या उजव्या हाताला कोरी पट्टी.

"हात कशानं भाजला?"

"चुलीनं."

आवाज असा चढवला की भिंतीवरची पाल खाली पडली. त्याचं आपलं 'चुलीनं'च. इतक्यात सिस्टर जबाब द्यायला आल्या. माझ्याकडे न बघता त्यालाच म्हणाल्या, "फोड फोडू नको, बाबू. तुह्या वावरातल्या शेंगा तडकून राह्यल्या. उद्या बाया लावते सोयाबीन सोंगाले."

तो ढसाढसा रडला. "साहेब, याच हातानं पेटवली. लोकं मांगं लागले, त बाईनंच मले आत ओढलं. पट्टी बांधताना तिले समजलं होतं. काईच बोलली नाई." पेट्रोलची कॅन त्यानं पंचांसमक्ष नाल्यातून काढून दिली.

"मग काय सिस्टर, फिर्याद मागे?" मी खवचटपणे विचारलं.

"काहून? देवानं शत्रूवर माया कर म्हटलं, खोटी साक्ष दे असं नाही म्हटलं. जाळलं त भोगल तो. अन् साहेब, पट्टी रोज बदला."

भीतीनं माणूस फुटतो, असं मी नोकरीभर समजत होतो. भीतीनं तो फार तर लवकर खोटं बोलतो.

ज्याच्या नावानं तीन तालुके कापत, तो ठाणेदार कोठडी संपेपर्यंत रोज मांडी घालून त्या आरोपीची पट्टी बदलत होता. आरोपींचे हात मी पुष्कळ धरले. फुंकर घालत धरलेला तो एकच.