जिभेखालची गोळी

"थूक. सबके सामने थूक," साहेब म्हणाला.

मी थुंकलो. बोईसरच्या कारखान्याच्या गेटवर, हजेरीच्या रांगेत, पन्नास माणसांच्या देखत. पांढरा फेस माझ्याच बुटावर पडला.

"देखा? गर्दुल्ला कभी सुधरता नहीं."

दोघे-तिघे फिदीफिदी हसले. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मला त्या खाली घातलेल्या मानांचाच जास्त राग आला.

ती पावडर नव्हती. औषध होतं.

पावडर म्हणजे हेरॉइन. सहा वर्षं ओढत होतो. दातिवऱ्याच्या घरातली आईची घागर विकली, बापाची जाळीसुद्धा विकली. कोळ्याचा पोर आणि जाळी विकतो! आईने दार लावून घेतलं. म्हणाली, "आदी बरा हो, मंग घरात ये."

मी सालवडला खोली घेतली आणि तिथेही ओढत राहिलो. जगनमामा भेटला नसता तर मेलो असतो. मामा स्वतः त्यातून उठलेला, आता सरकारी दवाखान्यात अशा लोकांना औषध मिळवून देतो. मला म्हणाला, "मी बारा वेळा पडलोय रं. तू एकदाच पडलास, त्यात काय हाय?" इतक्या वर्षांत माझ्याशी कोणी असं बोललं नव्हतं. मी त्याच्या मागे गेलो.

तिथे तलफ थांबवणारी गोळी रोज सिस्टरसमोर जिभेखाली ठेवायची. पूर्ण विरघळेपर्यंत बाकावरून उठायचं नाही, बोलायचं नाही. दहा मिनिटं लागतात. औषधाची खिडकी उघडते साडेआठला, रांगेत वेळ जातो, आणि आमचं गेट बंद होतं नऊला. मग मी अर्धी गोळी तोंडात धरून पळायचो. सिस्टर मागून ओरडायची. चूक माझीच होती.

पण थुंकायला लावलं साहेबाने. शनिवारी दमणहून आलेल्या दारूच्या बाटल्या ज्याच्या गाडीतून मीच उतरवतो, त्या साहेबाने. त्याची ती पार्टी, माझं ते व्यसन. वा रे न्याय!

औषध थुंकलेलं, त्यामुळे संध्याकाळी तलफेच्या जांभया सुरू झाल्या. नाकाला धार, पोटऱ्यांत गोळे. पाय आपोआप रुळांकडे वळले, जिथे पुडी मिळते तिथे. मी उभा राहिलो. रडलो. मग मामाला फोन लावला. तो आला आणि बसून राहिला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी गोळी विरघळेपर्यंत बाकावरून हललो नाही. गेटवर पोहोचलो तर नऊ वाजून गेलेले, शेवटच्या माणसांची हजेरी चालू होती.

"मुँह खोल," साहेब म्हणाला.

"नाय खोलणार." मग त्याला नीट कळावं म्हणून हिंदीत सांगितलं, "दवाई लेता हूँ. पर्चा देखो. मुँह नहीं खोलूँगा."

"तो घर जा."

"घर जाने के लिए ही तो लेता हूँ."

कोणी हसलं नाही. कोणी पुढेही आलं नाही. मी गेटपास त्याच्या हजेरीच्या टेबलावर ठेवला आणि निघालो.

काम गेलं. दुसरं शोधतोय. दोन ठिकाणी नाव सांगताच नको म्हणाले, बोईसर लहान आहे. चीड येते, झोप उडते. पण सकाळी साडेआठला मी खिडकीशी असतो.

आता गोळी विरघळेपर्यंत त्या बाकावरून मला कोणाचा बाप उठवू शकत नाही.