वाळूची गोणी
गाडीच्या ग्रीसचा वास आला की कळंबचा किनारा आठवतो. पत्नीच्या मणक्याची व्याधी असाध्य ठरल्यावर तिने समुद्रदर्शनाची इच्छा धरली. वाळूवर चालणाऱ्या दोन आसनी बग्गीच्या चालकाने तिला हादरे बसू नयेत म्हणून ग्रीसने माखलेल्या हातांनी शॉक-अब्सॉर्बरची स्प्रिंग सैल करीत शेवटच्या खाचेवर आणली. “आजी, तुमच्या वजनानं ही दबतच नाय!” असे म्हणून त्याने तिच्या पायांशी वाळूची गोणी ठेवली. ती हसली, “अहो, पाहिलंत? माझ्याहून वाळू जड!” मग गाडी अलगद निघाली, मावळत्या सूर्यनारायणाला तिने हात जोडले. पुढची पौर्णिमा तिने पाहिली नाही. ती गोणी मी चालकाकडून मागून घेऊन घरी आणली. प्रत्येक तर्पणानंतर वाळू समुद्राला परत द्यावी असे ठरवतो, आणि गाठ सोडताना हात थांबतो.