वाफ्यावरच्या कुरडया

फरीदाबादला ज्यांच्या गच्चीवरच्या खोलीत राहून मी परीक्षेची तयारी करतो, ते काका-काकू मराठी आहेत. घरामागे काकूंचा पलंगाएवढा वाफा आहे. त्यात लावलेली वांगी दरवर्षी मान टाकायची. गेल्या उन्हाळ्यात काकांनी एक झाड उपटून दाखवलं. मुळांना गाठीच गाठी.

"आता अजून एकदा मेली ना, की इथे फरशी. स्कूटर तरी उभी राहील."

संध्याकाळी चहा देताना काकू मला म्हणाल्या, "शेतीची डिग्री घेतलीयस ना रे? मग कर की काहीतरी."

इज्जतीचा सवाल, यार. गाठी करतात ते सूत्रकृमी, मातीतले बारीक किडे, डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना कुजणारा पाला आणि कडक ऊन एकत्र सोसत नाही. मे महिना होता, उन्हाला काय तोटा. भाजीवाल्या भैयाने फेकलेली कोबीची पानं पोत्यात भरून आणली, बारीक चिरून मातीत मिसळली, भरपूर पाणी सोडलं. वर पारदर्शक प्लास्टिक ताणलं, कडा मातीत गाडल्या. आता महिनाभर हात लावायचा नाही.

वास सुटला. काका म्हणाले, "काय मेलंय का इथे?"

"अजून नाही काका. मरतील."

मग एका दुपारी बघतो तर प्लास्टिकवर कुरडया. असं तापलेलं, स्वच्छ प्लास्टिक रिकामं ठेवणं काकूंना जमेना.

"काकू, किड्यांना सावली केलीत तुम्ही."

"अरे, दोन तासांत वाळतात."

दुसऱ्या दिवशी साबुदाण्याच्या पापड्या. समजावून थकलो. शेवटी गच्चीवरून, कठड्याआड बसून, काकांच्या जाड आवाजात खोकलो आणि म्हणालो, "फरशीवाल्याला फोन लावू का?" काकूंनी पटापट पापड्या उचलल्या.

हे दोनदा चाललं. तिसऱ्यांदा मान वर न करता त्या म्हणाल्या, "खोकला जास्त झाला. ते एकदाच खोकतात."

पण परात घेऊन वर आल्या. तेव्हापासून वाळवण माझ्या दारात, आणि मी एका हातात पुस्तक, दुसऱ्या हाताने कबुतरं हाकलतोय. चालेल. वाफा झाकलेला राहिला.

प्लास्टिक काढलं, माती काही दिवस उघडी ठेवली, मग रोपं लावली. नवरात्रात झाडं वांग्यांनी वाकली तरी काकांचा विश्वास बसेना. "एक उपटून बघू."

"कडेचं उपटा," काकू म्हणाल्या. "मधली माझी आहेत."

काकांनी उपटलं, माती झटकली. मुळं पांढरी, दाट. चष्मा वर करून त्यांनी शोधून शोधून एक बारीक गाठ काढली. "ही काय मग?"

"ही कुरडयांची सावली," मी म्हणालो.

काकू हसल्या नाहीत. "पुढच्या मे महिन्यात पुन्हा झाकायचं," म्हणाल्या. "कुरडया वर घालीन."

काकांनी ते झाड पुन्हा खड्ड्यात ठेवलं, पायाने माती लोटली आणि स्कूटरवर कव्हर घालायला बाहेर रस्त्यावर गेले.