आपांची गुडघापेटी

कसबा पेठेत साठी उलटलेली एक मुसलमान बाई रोज सकाळी वाद्य घेऊन बसायची, असं मी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कोणतं वाद्य आलं? खरं सांगा. ती त्यावर काय वाजवत असेल, हेही तुम्ही ठरवून टाकलंत ना? आता ते पुसून टाका. आमच्या आपा पेडल स्टील गिटारवर जॅझ वाजवतात.

हे वाद्य दिसायला गिटारसारखं अजिबात नाही. चार पायांवर उभा केलेला एक अरुंद पाट, त्यावर ताणलेल्या तारा. डाव्या हातातला पोलादी दांडा तारांवरून सरकवायचा, उजव्या हाताने छेडायचं. खाली पावलांसाठी पट्ट्या आणि दोन्ही गुडघ्यांशी लोंबणारे खटके. गुडघ्याने खटका आडवा रेटला की एखादीच तार चढते किंवा उतरते, बाकीच्या जागच्या जागी राहतात. वरच्या मजल्यावरच्या लेलेकाकांनी जुन्या नाटकांतली पायपेटी पाहिलेली, म्हणून त्यांनी याचं नाव गुडघापेटी ठेवलं. त्याआधी ते त्याला इस्त्रीचं टेबल म्हणायचे. एकदा दारात येऊन म्हणाले, "आपा, तुमचं झालं असेल तर आमचे दोन शर्ट आहेत." आपांनी मान वर न करता सांगितलं, "तुमचे शर्ट आधी धुवायला हवेत, लेले." हेच लेले रोज जिन्यात बसून ऐकत आणि उठताना यात सम कुठे आहे ते विचारत. येते, वाट पाहायची तयारी हवी, असं आपांचं ठरलेलं उत्तर असे.

माझी त्यांची ओळख पत्रकामुळे झाली. आमच्या घरात मुळाक्षरांच्या आधी पत्रकं आली. बाबा लिहायचे, आई ती चिकटवायला खळ शिजवायची. तर खडकवासला धरण भरलेलं असताना पेठेतले नळ कोरडे का, असं विचारणारं माझं पत्रक घेऊन मी दारोदार फिरत होते. लोक घेत, घडी घालत, खिशात टाकत. आपांनी ते उंबऱ्यात उभ्या उभ्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि परत केलं.

"सगळं खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण यात श्वास घ्यायला जागा नाही. थोडी जागा सोड, बेटा. वाचणारा तिथे येऊन बसेल."

मला राग आला होता. मग आतून एक सूर आला, खालून वर जाताना मध्येच थबकलेला, आणि मी चपला काढून आत जाऊन बसले.

आपा तरुणपणी ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायच्या. गणपतीत रात्री-रात्री कार्यक्रम, फर्माईश ठरलेली, सूरही ठरलेले. कॅम्पातल्या एका हॉटेलात जॅझ वाजवणारा एक म्हातारा गोवेकर मुलाकडे परदेशी निघाला, तेव्हा त्याने आपली पेडल स्टील आपांच्या हवाली केली. का, असं मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "हॉटेलात सगळे जेवत होते. मी एकटीच ऐकत होते." तेव्हापासून त्यांनी ओळखीची गाणी वाजवणं सोडलं. बाईने मंचावर पाय फाकून बसायचं आणि गुडघे हलवायचे, यावर घरात, मोहल्ल्यात, ऑर्केस्ट्रात, सगळीकडे बोललं गेलं. असं बोलणाऱ्यांना धर्म नसतो. त्या बाबतीत सगळ्या पेठा एक आहेत. आपांनी कुणाशी वाद घातला नाही. सकाळची बैठक मात्र एकदाही मोडली नाही.

त्यांनी स्वतः बांधलेल्या रचना कुठेच नोंदल्या गेल्या नव्हत्या. त्या फक्त त्यांच्या हातापायांत होत्या, आणि दोन वर्षांपूर्वी त्यांचा डावा गुडघा गेला. वाटी बदलायला हवी, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशननंतर चालता येईल. पण गुडघा आडवा सरकेल का, हे कुणी सांगेना. सगळ्यात मोठ्या रचनेचा जीव त्या डाव्या खटक्यातच होता. ती राहिली तर राहणार होती ऑपरेशनच्या आधी केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये. नाहीतर ती आपांबरोबरच जाणार होती.

मी लगेच रेकॉर्डिंगसाठी निधीचं आवाहन लिहायला घेतलं. आपांनी कागद बाजूला सारला आणि मला बोळातल्या वर्कशॉपमधल्या लेथवाल्या काकांना बोलवायला पाठवलं. काका पाटाखाली उताणे झोपले आणि डाव्या खटक्याची सळई सोडवून त्यांनी ती उजव्या गुडघ्याकडे जोडली. वाद्य तासाभरात बदललं. आपांना मात्र अख्खा पावसाळा लागला. जन्मभर जे डावीकडून आलं ते उजवीकडून आणायचं. रोज अडखळायच्या, रोज हसायच्या. लेले जिन्यातून म्हणत, "सुटे भाग मिळतात का बघा." आपा म्हणत, "मिळाले तर तुमच्यासाठीही मागवते."

कोथरूडच्या एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. सोबतीला फक्त बास गिटार, तीही हिंजवडीतल्या नोकरीतून रजा टाकून आलेल्या आमच्या मित्राची. रचना रंगात आली आणि नेमक्या जुन्या खटक्याच्या वळणावर आपांचा डावा गुडघा आपसूक बाहेर गेला. तिथे आता खटका नव्हता. जो सूर चढायला हवा होता तो तिथेच राहिला, खाली, उघडा. मी काचेपलीकडून त्यांचा चेहरा पाहिला. गुडघा चांगलाच दुखला होता. त्या थांबल्या नाहीत. पुढच्या फेरीत त्याच वळणावर आल्या आणि तोच न चढलेला सूर त्यांनी मुद्दाम वाजवला, लांबवला, आणि त्याच्याभोवती सगळी रचना नव्याने वळवली. बासवाला क्षणभर गोंधळला, मग त्यांच्या मागे गेला.

रेकॉर्डिस्ट तरुण होता, नम्र होता. पहिल्या फेरीतला एक सूर कमी लागलाय, कॉम्प्युटरवर तो वर घेता येईल, कुणाला कळणारही नाही, असं तो म्हणाला. माझ्या तोंडात यंत्र, बाजार आणि कलावंत यांवरचं अख्खं पत्रक तयार होतं. आपांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"तो सूर माझ्या जुन्या गुडघ्याचा आहे," त्या त्याला म्हणाल्या. "त्याला वर ओढू नका. एकदा ऐका, मग सांगा."

त्याने डोळे मिटून पहिल्यापासून ऐकलं. मग फाईल होती तशी ठेवली. मी इतकी वर्षं जे ओरडून करते ते त्यांनी तीन वाक्यांत केलं, याचा मला अजून थोडा हेवा वाटतो.

ऑपरेशननंतर आपा मुलीकडे कोंढव्याला राहायला गेल्या. कसब्यातली खोली बंद झाली. लेले जिन्यात बसत नाहीत. बस बदलून रविवारी कोंढव्याला जातात आणि प्रवासाबद्दल तक्रार करतात. मी हल्ली पत्रक लिहिते तेव्हा एक परिच्छेद कमी लिहिते. पूर्वी लोक घेऊन निघून जायचे. आता काहीजण थांबून प्रश्न विचारतात.

मागच्या आठवड्यात आपांनी लेथवाल्या काकांना पुन्हा बोलावलं. नवा गुडघा आडवा सरकतो, थोडासा, पण सरकतो. जुनं काम उजवीकडेच राहू दे, डावीकडे नवीन खटका बसवा, तिथे आजवर न वाजवलेलं काहीतरी ठेवायचं आहे, असं त्यांनी सांगितलं. दुसरं रेकॉर्डिंग करायचं आहे. त्यासाठी त्यांना ड्रम वाजवणारं माणूस हवं आहे. बाई असो, बुवा असो, वय कितीही चालेल. अट एकच आहे. दुसरा वाजवत असताना गप्प बसता आलं पाहिजे.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर आज फोन करा. रविवारी सकाळी ड्रम घेऊन कोंढव्याला पाठवा. तिसरा मजला आहे, पण लिफ्ट आहे.