पाकिटात गेलेलं मत

रत्नागिरी विधानसभा मतदारसंघाचे जुने निकाल तुम्हांला कुठेही सापडतील. कोण उभं राहिलं, कोण निवडून आलं, कोणाची अनामत गेली, सगळं छापलेलं आहे. त्या आकड्यांत एक मत धरलेलं नाही. ते का नाही, हे मला ठाऊक आहे, म्हणून तुमच्यासाठी लिहून ठेवते.

ऐंशीच्या दशकात तिथे विधानसभेसाठी दोनदा मतदान झालं. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते आणि शिक्षकांना निवडणुकीचं काम चुकत नसे. ही हकिकत दुसऱ्या खेपेची. आमचं केंद्र शहराच्या टोकाला, एका मराठी शाळेत होतं. जवळच्या वाडीतले बरेच पुरुष यादीत होते, पण राहायला मुंबईत. त्यामुळे रांगेत बायकाच जास्त.

माझं काम पहिल्या टेबलावर. यादीत नाव शोधायचं, नवऱ्याच्या नावासकट मोठ्याने वाचायचं, म्हणजे भिंतीशी बसलेल्या पक्षांच्या एजंटांना ऐकू जाईल, आणि त्या ओळीखाली रेघ मारायची. पुढच्या टेबलावर बोटाला शाई लावत, त्याच्या पुढच्यावर मतपत्रिका आणि शिक्का देत.

सकाळी एका म्हातारीला मी नवऱ्याचं नाव विचारलं. त्या वेळी पुष्कळ बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. तिने तोंडाला पदर लावला. मागून कोणीतरी ओरडलं, “आजी, उखाणा घ्या, उखाणा! त्याबिगर मत नाय!”

“वाजंत्री बोलवू काय?” एक एजंट म्हणाला. सगळी रांग हसली. म्हातारी घरी जायला वळली. मी उठून तिला हाताला धरून परत आणलं.

त्यानंतर मी ते नाव विचारणं सोडलं आणि मोठ्याने वाचणंही सोडलं. बाईचं नाव, आडनाव वाचायचं, तिने मान हलवली की रेघ मारायची. नियम मोडते आहे, हे मला कळत होतं. रांग मात्र भराभर सरकू लागली आणि हसणं थांबलं.

दुपारी काजूच्या कारखान्यातली एक बाई आली. वय पंचविशीच्या आतबाहेर. “पहिल्यांदाच मत देतंय, बाई. तासाचीच सुट्टी मिळालीय,” असं म्हणत तिने यादीतल्या क्रमांकाची चिठ्ठी पुढे केली. मी पान काढलं. तिच्या ओळीखाली रेघ होती.

“तुमचं मत झालंय,” मी म्हटलं.

“कोनी दिल्यान? मी तर आत्ता येतंय.”

“बोटं काळी आहेत की!” एजंट म्हणाला.

“ता काजूचा तेल हाय, दादा. नखाजवळ बघा, शाई हाय काय?”

शाई नव्हती. मी तिला नवऱ्याचं नाव विचारलं. तिने ते सरळ, खणखणीत सांगितलं. नाव त्याच ओळीतलं होतं. तीन ओळी खाली तेच नाव, तेच आडनाव असलेली दुसरी बाई होती, फक्त नवरा वेगळा.

“ती माजी चुलत जाव. सकाळीच येऊन गेली,” ती म्हणाली.

लग्नात सुनेचं नाव बदलताना दोन्ही घरांनी एकच नाव ठेवलं होतं. जाऊ चिठ्ठीशिवाय आली असणार. मी पहिली दिसली ती ओळ वाचली, तिने मान हलवली आणि मी हिच्या नावाखाली रेघ मारली.

केंद्राध्यक्ष कुठल्याशा कचेरीतले हेडक्लार्क होते. ते म्हणाले, “खालची ओळ मोकळी आहे ना, बाई? तिथे रेघ मारा आणि हिला पत्रिका द्या. संध्याकाळी मेळ बसल्याशी कारण.”

“आमची हरकत नाही,” एक एजंट म्हणाला. “मत आमचंच आहे.”

“तुमचं? ती वाडी कोणाची आहे, विचारा जाऊन!” दुसरा म्हणाला. हरकत त्याचीही नव्हती.

मी नाही म्हटलं. सकाळी एक नियम वाकवला त्याचं फळ समोर उभं होतं. दुसरा वाकवायला माझा हात धजेना. अशा वेळी नियमाप्रमाणे प्रदत्त मत घेतात. मतदाराला पत्रिका मिळते, शिक्काही मारता येतो, पण ती पेटीत न टाकता पाकिटात ठेवतात.

ती आडोशाला जाऊन शिक्का मारून आली आणि पेटीकडे वळली. केंद्राध्यक्षांनी पाकीट पुढे केलं.

“पेटीत नाय?”

“यात घाला.”

“पन मोजतील ना?”

“वर जातं ते,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “मोजणार नाहीत. कोर्टात खटला झाला आणि कोर्टाने मागितलं, तरच.”

“चूक कोनाची झाली?”

“माझी.”

“मग मत माजा का जाता?”

केंद्राध्यक्षांनी पाकिटाचं तोंड उघडून धरलं. तिने पत्रिका पाकिटात घातली, सही केली आणि कारखान्याकडे गेली. माझी चूक मी केंद्राध्यक्षांना डायरीत लिहायला लावली. त्यांनी एक ओळ लिहिली.

निकालातला फरक इतका मोठा होता की एका मताने काही बिघडलं नसतं. शाळेतल्या सहकाऱ्यांनी मला तेच सांगितलं. खटला झाला नाही.

दोनेक वर्षांनी एस.टी. स्टँडवर तिने मला ओळखलं. “बाई, त्या पाकिटाचा काय झाला वो?”

“उघडलं नाही. आता तर नष्टही केलं असेल.”

“म्हंजे माजा मत पडलाच नाय?”

“नाही.”

तिने मागे वळून पाहिलं. तिची तीच चुलत जाऊ बाकावर पिशव्या राखत बसली होती. “मी घरात सांगितलंय, पडला म्हनून,” ती हळूच म्हणाली. “तिच्यासमोर काय बोलू नका हां, बाई. जन्मभर ऐकवील.”

जाऊ उठून आमच्याकडे आली आणि कोण बाई म्हणून विचारू लागली. मी म्हटलं, “ह्यांनी आमच्या केंद्रावर मत दिलं होतं.”