वळसंग ते टेंभुर्णी, दोन सूत जादा

अंकलेश्वरला मी एका केमिकल कंपनीत ड्रम चढवायचं काम करतो. त्याआधी होसूरला होतो, त्याआधी हैदराबादला. तुझं बूड एका जागी टिकत न्हाय, असं आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे. शाळेतही टिकलं नव्हतं. तरी फिरल्यावर चार ओळी लिहायची सवय लागलीय, म्हणून हेही लिहितोय. फोटो कमी आहेत, ते आधीच सांगतो.

तात्यांचा फोन आला आणि जायचं ठरलं. तात्या म्हणजे माझे चुलते. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात उभं आयुष्य माग चालवला, आता वळसंगला घरीच असतात.

"घराशेजारच्या जागेचा सौदा झालाय. शनवारी घेणारा मोजणी करणाराय. तुझ्या बापाची गाडी मधीच उभीय. घेऊन जा, न्हायतर भंगारवाल्याला सांगतो."

"चालू होतीय का?"

"हुतीय की. पर रेडिएटरचा वरला पाईप फुटलाय. पाणी थांबत न्हाय."

गाडी म्हणजे अँबॅसिडर, माझ्या दुप्पट वयाची. मूळचं पेट्रोल इंजिन थकल्यावर आबांनी तिच्यात मेटॅडोरचं डिझेल इंजिन बसवलं, पुस्तकावर तशी नोंदही करून घेतली, आणि अक्कलकोट-सोलापूर वडाप मारलं. वडाप म्हणजे सीटवर मावतील त्याच्या दुप्पट माणसं घेऊन जाणारी गाडी. आबा गेल्या वर्षी वारले. मी होसूरहून पोचलो तोवर राख सावडून झाली होती.

ही गाडी अंकलेश्वरला आणायची, एवढंच डोक्यात बसलं. तिथं माझं म्हणावं असं होतं काय? एक गादी आणि एक बादली. कंपनीत, चाळीच्या गेटवर, सगळ्यांना सांगून टाकलं, बापाची गाडी घेऊन येतो. चार दिवसांची रजा टाकली.

सुरतेहून सोलापूरला थेट रेल्वे आहे. स्लीपर मिळालं तर पाचशेच्या आतबाहेर पडतं. मला मिळालं नाही, दरवाज्यापाशी बसून आलो. सकाळी सोलापूरला उतरलो, स्टेशनबाहेर भजी-पाव खाल्ला. आधी गावाला जायचं, मग पाईपसाठी परत सोलापूरला यायचं, यात अख्खा दिवस गेला असता. म्हणून म्हटलं, पाईप घेऊनच जाऊ. शुक्रवार होता, हातात एकच दिवस.

स्पेअर पार्टच्या गल्लीत तिसऱ्या दुकानात पाईप दिसले. छताला साप लटकवावेत तसे. गल्ल्यावर दाढी रंगवलेले एक चाचा.

"गाडी कौनसी?"

"अँबॅसिडर."

"इंजन?"

"मेटॅडोरचं."

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला. "फिर पाइप किसका मंगताय? रेडिएटर का के इंजन का?"

"दोघांना जोडणारा."

"अरे बापरे. दुल्हन एक गाँव की, दूल्हा दूसरे गाँव का, और रिश्ता मेरेकू जोड़ने बोलते!" शेजारचा बेरिंगवाला खो खो हसला. मीही हसलो. सबंध प्रवासात तेवढंच हसलो असेन.

इंजिन बदललेल्या गाडीचं हेच असतं. अँबॅसिडरचा पाईप मागितला तर इंजिनाकडचं वळण चुकतं, मेटॅडोरचा मागितला तर रेडिएटरपर्यंत पोचत नाही. मग कुठल्यातरी ट्रॅक्टरचा नाहीतर टेंपोचा लांब पाईप घ्यायचा आणि वळण बघून मधला तुकडा कापायचा. वळण मला पाठ होतं. लहानपणी बॉनेटखाली डोकं घालून आबांच्या शेजारी तासन् तास उभा राहिलोय. कोपर अर्धा दुमडला की जसं होतं तसं. चाचांनी पाच-सहा पाईप काढले, त्यातल्या एका ट्रॅक्टरच्या पाईपचं वळण बरोबर निघालं.

"पुराना पाइप लाए क्या?"

"नाही ना."

"कैकू नै लाए? अंदाजे से नक्को लेव मियाँ."

म्हणून तात्यांना फोन लावला. पाठीमागून शेळ्यांचा आवाज येत होता.

"तात्या, फुटलेल्या पाईपाचं माप सांगा. तोंड किती हाय?"

बराच वेळ गेला. मग म्हणाले, "दीड इंच. दोन सूत."

मिस्त्रीलोकांचं सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. दीड इंच दोन सूत म्हणजे पावणेदोन. मी चाचांना पावणेदोन सांगितलं. त्यांनी त्याच वळणाचा पावणेदोनचा शोधला, कापला, वर चार क्लिपा दिल्या. "नै बैठा तो शाम तक वापस लाव," असंही म्हणाले.

वळसंगला एसटी आहे, अक्कलकोटचा रस्ता आता एकदम गुळगुळीत झालाय. घरी पोचलो तेव्हा तात्या जागेच्या कागदांसाठी वकिलाकडं गेलेले, आणि फुटका पाईप काकूंनी कचऱ्याबरोबर उकिरड्यावर टाकलेला. नवा बसवायला घेतला तर दोन्ही तोंडांना ढिला. मला वाटलं, इतकी वर्षं गंज खाऊन लोखंडी तोंडं झिजली असतील. परत सोलापूर गाठावं असं एकदा मनात आलं, पण दिवस कलला होता. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, तोंडांवर गुंडाळल्या, वरून पाईप चढवला आणि दोन-दोन क्लिपा पिळल्या. अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. थेंब पडला नाही. काकू म्हणाल्या, "बापावर गेलायस." मला लई बरं वाटलं.

शनिवारी सकाळी निघालो. तात्या म्हणाले, "टेंभुर्णीपतूर येतो. तितनं माघारी यष्टी मिळतीय." काकूंनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली. गाडी उभी होती तिथं चौकोनी काळा डाग राहिला होता, गवतसुद्धा नव्हतं.

सोलापूर ओलांडून पुण्याच्या रस्त्याला लागलो. चौपदरी रस्ता आहे, जुनी गाडी असेल तर डावी बाजू सोडू नका, ट्रकवाले थांबत नाहीत. फास्टॅग नसेल तर टोलला दुप्पट कापतात. मोहोळला चहा घेतला. तात्या मागच्या सीटवर पसरून बसले होते, भाडं दिल्यासारखे.

"पुढं या की, तात्या."

"नगं. तुझा बाप मला पुढं बसवायचा न्हाय. म्हणायचा, पुढची शीट बायकांची."

मोडनिंब मागं टाकलं आणि करपल्यासारखा वास आला. गरमीचा काटा आबांच्या काळापासून मेलेलाच, तो काय सांगणार. बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ निघाली. मी बाजूला घेईपर्यंत इंजिन आतून ठोकायला लागलं होतं. हातोडीनं कुणी बाहेर यायला बघतंय असं.

बॉनेट उघडलं. रेडिएटरकडचं तोंड उघडं, पाईप निसटून बाजूला पडलेला, ट्यूबच्या पट्ट्या वितळून चिकटलेल्या. तात्यांनी पाईपाच्या तोंडात अंगठा घातला, फिरवला.

"ह्यो एवढा ढिला कसा आणलास?"

"तुम्ही सांगितलं तोच आणला. दीड इंच दोन सूत."

"मग? दीडच हाय का ह्यो?"

"पावणेदोन आहे. दीड इंचावर दोन सूत म्हणजे पावणेदोनच की!"

 तात्यांनी पाईपाची कापलेली कड माझ्या नाकापुढं धरली. रबराच्या मधे धाग्याची जाळी असते, ती नखानं दाखवली.

"ह्ये सूत रे! सूत! फुटक्या पायपात सुताचे दोन थर हुते, मोजून सांगितलं तुला. एका थराचा आणशील आन पुन्ना फुटंल म्हणून. चाळीस वरसं सूत हातातनं गेलंय माझ्या, मला दुसरं सूत ठाऊक न्हाय."

"आन मला दुसरंच ठाऊक!"

"मग इचारायचं हुतं."

"काय इचारायचं? सूत म्हणजे काय, म्हणून?"

तात्यांनी कडेवरचे थर नखानं मोजले. नव्या पाईपातही दोन थर होते. तेवढं मात्र त्यांच्या मनासारखं आलं होतं.

उसाच्या एका ट्रॅक्टरवाल्यानं दोर बांधून टेंभुर्णीपर्यंत ओढत नेलं. चौकाच्या अलीकडं गॅरेज आहे. मिस्त्रीनं तेलाची पट्टी बाहेर काढली. तेल ताकासारखं पांढरं झालं होतं.

"इंजनाचं हेड गेलंय. पाणी तेलात उतरलंय."

"दुसरं हेड मिळेल?"

"मिळंल की. पर ह्या इंजनाचं हुडकावं लागंल. पंधरा दिस म्हणा, म्हैना म्हणा. आन म्हैनाभर गाडी ठिवायला माझ्याकडं जागा न्हाय, भाऊ. हायवेला उभी केली तर उचलून नेतील."

वळसंगची जागा गेलेली. अंकलेश्वर लांब. रजेचा एकच दिवस उरला होता, आणि नवीन कामावर खाडा केला की गेटवरूनच परत पाठवतात. मी गाडीभोवती चक्कर मारली. तात्या एक हात खिशात घालून उभे होते, दुसऱ्या हातात फोन धरून, पण लावत नव्हते.

"लावा," मी म्हणालो.

"कुणाला?"

"भंगारवाल्याला. तुमच्याकडं नंबर आहे की."

त्यांनी लावला. तिकडचा माणूस विचारत असावा, कारण तात्या म्हणाले, "आख्खी हाय. इंजनासकट." मग लांब जाऊन बोलले.

भाकरी आम्ही गाडीतच बसून खाल्ली. चटणी तिखट होती, त्यामुळं डोळ्यांतून पाणी आलं तरी चाललं. भंगारवाल्याची गाडी संध्याकाळी येणार होती. तात्या म्हणाले, मी थांबतो, तू रेल्वे गाठ. कुर्डुवाडी जवळच आहे, टेंभुर्णीतून एसटी आणि वडाप दोन्ही असतात. मी वडापमधून गेलो. जीप होती. मागं वळून बघितलं तेव्हा तात्या मागच्या सीटवरच बसले होते, दार उघडं, पाय बाहेर.

कुर्डुवाडी स्टेशनवर पुण्याच्या गाडीला वेळ होता. बाकावर पडून राहिलो. हाताला डिझेलचा वास येत होता, धुतला नाही.

कुणी जुन्या गाडीत दुसरं इंजिन टाकून लांब निघणार असेल तर माझ्याकडनं एवढंच घ्या: जुना पाईप हातात धरून दुकानात जा. फोनवर माप घेऊ नका. घरच्या माणसाकडून तर नकोच.

तात्यांचा दोन दिवसांनी फोन आला. गाडी क्रेननं उचलून नेली म्हणाले. मागची सीट त्यांनी काढून घेतली, टेंपोत टाकून वळसंगला आणली, आता दारात ठेवलीय. "आलास की बस," म्हणाले. पाईपाचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही. त्या विषयावर आम्ही कधी बोलू असं वाटत नाही.

इथं अंकलेश्वरला आमच्या चाळीच्या गेटवर एक म्हातारा चौकीदार आहे, बिहारचा. मी नव्हतो तेव्हा त्यानं भिंतीकडची जागा झाडून काढली होती, कडेनं विटा मांडून गाडीपुरती आखून ठेवली होती. मला एकटाच बॅग घेऊन आलेला बघून विचारलं, "गाड़ी कहाँ है बेटा?"

"पीछे से आ रही है," मी म्हणालो. का म्हणालो माहीत नाही.

आता रोज कुणीतरी तिथं स्कूटर लावतं, आणि चौकीदार काका ओरडून काढायला लावतात.