लवंगी कार्नेशनची शेवटची काडी

सोमवार, १८ मार्च १९६३. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. बंगळुरातल्या रिचमंड टाऊनमधल्या एका बंगल्यामागं नागोजी जुन्या भिंतीच्या चुन्याची ढेकळं कुटत बसला होता. कार्नेशनच्या मातीत चुना लागतो. वाफा तोच होता, सकाळपासून दुपारपर्यंत ऊन खाणारा. फक्त फुलं बदलणार होती.

या वाफ्यात सव्वीस वर्षं नागोजीनं एकच जात राखली होती. गर्द लाल, दीड इंचाचं फूल, आणि वास लवंगेचा. पाच फुलं ठेवली की खोली भरायची. कार्नेशनचं झाड दोन-तीन वर्षांत थकतं, म्हणून दर फेब्रुवारीत बाजूचे फुटवे काढून वाळूत लावावे लागतात. एक वर्ष चुकलं की जात गेली. जुने मालक भीमाचार्य वारले तेव्हाही नागोजीनं ते वर्ष चुकवलं नव्हतं.

मग बंगल्यात सरकारी कारखान्यातले पुण्याचे इंजिनियर भाड्यानं आले. त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाईंनी जानेवारीत ही फुलं प्रदर्शनात मांडली. परीक्षकाच्या कागदावर आकार, देठ, रंग आणि ठेवण असे चार रकाने होते. त्यानं पट्टी लावली, आकडा लिहिला आणि तो पुढं गेला. वास घ्यायला वाकला नाही.

दुसऱ्या दिवशी बाई वाफ्यापाशी आल्या.

"बाकीच्यांची तीन-तीन इंचांची होती, नागोजी. एकीनं मला विचारलं, ही रानफुलं कुठून आणलीत?"

"वास बघितला नाही त्यांनी, अक्का."

"वासाला कोण मार्क देतं? मी उटीहून रोपं मागवलीयत. हा वाफा मोकळा करा."

"एक कोपरा ठेवूया. स्वल्प जागा पुरते."

"नको. पराग मिसळून नवी जात बिघडते. वाचलंय मी."

काडी लावून वाढवलेल्या झाडाला परागाचं सोयरसुतक नसतं, हे नागोजीला सव्वीस वर्षं ठाऊक होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तो म्हणाला, "सरी. करतो मोकळा."

"आणि हवी तेवढी घरी न्या ना," बाई मोकळ्या मनानं म्हणाल्या. "तुमचीच आहेत."

फेब्रुवारीत त्यानं साठ काड्या काढल्या आणि वाळू भरलेल्या तेलाच्या डब्यांत खोचल्या. जुनी झाडं मुळासकट उपटली. त्याचं घर कॉटनपेटच्या गल्लीत. तीन पिढ्या तिथंच. गल्लीची रुंदी सहा फूट. दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी ऊन उंबऱ्यावर उतरायचं आणि साडेबाराला समोरच्या भिंतीवर चढायचं. त्या वेळी नागोजी बंगल्यावर असायचा. डबे सरकवायचं काम बायकोकडं, कावेरीकडं आलं.

"रेशनसुद्धा यापेक्षा जास्त मिळतं," ती म्हणायची. "बाईंना म्हणावं, फुलं दिलीत तसं थोडं ऊनही द्या."

"सरकव गं तेवढं."

"सरकवते. तिथं बोलायचं तेव्हा बोलायचं नाही, आणि इथं मला हुकूम."

पहिल्या आठवड्यात वीस काड्या गेल्या. बुडाशी काळ्या पडायच्या, ओढल्या की अलगद हातात यायच्या. नंतर तो मोजायचा थांबला. गेल्या पंधरवड्यात एकच उरली होती, टोकाला हिरवी.

त्या सोमवारी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा कावेरीनं तो डबा दारातच ठेवला होता. त्यानं काडी दोन बोटांनी उचलली. मूळ नव्हतं. काळा भाग त्यानं नखानं खुडला आणि वरचा तुकडा नाकाशी नेला; कार्नेशनच्या पानाला वास नसतो, हे त्याला माहीत होतं. मग वाळू गल्लीत ओतून त्यानं डबा धुतला.

डबा उद्या लागणार आहे. उटीची बस सकाळी सव्वासातला स्टँडवर लागते. अठ्ठेचाळीस रोपांची खोकी उतरवून, वाटेत त्यांच्यावर डब्यातलं पाणी शिंपडत, नागोजीला ती नऊच्या आत वाफ्यात लावायची आहेत.